थर्मोस्टॅटचं सील दोनदा बदललं, तरी कुंभार्लीत गाडी तापते (१५१२, कमिन्स ६बीटी)

वाशिष्ठीकाठचा:

नमस्कार मंडळी. मी चिपळूणचा. एकच बस आहे माझी, २००९ची टाटाची १५१२, कमिन्सचं ६बीटी इंजिन. शाळेची फेरी, लग्नाची वऱ्हाडं, मे महिन्यात देवदर्शनाच्या ट्रिपा. पोट तिच्यावरच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दिवाळीच्या सुमाराला हेडच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाच्या, पुढच्या अंगाला, जिथून रेडिएटरकडे वरची नळी जाते त्या एल्बोखाली (वाकड्या तोंडाखाली), ओल दिसायला लागली. थेंब पडत नव्हता, पण इंजिन गार झालं की हिरवट पांढरी खूण राहायची. बॉनेट उघडलं की कुलंटचा, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचा, तो गोडसर वास. एका गॅरेजवाल्याने तिथलं थर्मोस्टॅटचं सील आणि पॅकिंग बदललं, वरून सिलिकॉन पेस्टही भरपूर चोपडली. तीन आठवडे बरे गेले, मग पुन्हा तेच. दुसऱ्याकडे नेली. त्याने पुन्हा सील बदललं. गळती आता नाही.

पण मागच्या रविवारी वऱ्हाड घेऊन कराडला निघालो. पोफळीपर्यंत सगळं ठीक. कुंभार्ली घाट सुरू झाला आणि चौथ्या-पाचव्या वळणाला तापमानाचा काटा लालात. बॉनेटवर नवऱ्या मुलाची आत्या बसली होती, ती आधी ओरडली, "ड्रायव्हर, खालून चटका बसतोय." गाडी बाजूला घेतली, पाऊण तास थांबलो. वऱ्हाडाने आपल्या पाण्याच्या बाटल्या दिल्या, त्यातल्या सात-आठ रेडिएटरने प्यायल्या. मुहूर्त टळला नाही एवढंच नशीब.

आणखी एक विचित्र गोष्ट. गुहागर रोडला, सपाटीला, काटा जागचा हलत नाही. पहिल्या रेघेच्या खालीच. आणि डिझेलही जास्त खातेय असं वाटतं. सील चुकीचं बसलंय का? की हेड गॅस्केट (हेडखालचं पॅकिंग) गेलं? हेड उघडायचा खर्च आत्ता परवडणारा नाही.

डिझेल_पाना:

भाऊ, आधी स्वस्तातलं बघ. रेडिएटरची कॅप. तिचं रबर कडक झालं असेल किंवा स्प्रिंग सैल पडली असेल तर प्रेशर धरत नाही, पाणी लवकर उकळतं आणि ओव्हरफ्लोवाटे बाहेर जातं. नवीन कॅप टाकून बघ. फॅन बेल्ट ढिला आहे का तेही बघ. हेडचं एवढ्यात मनावर घेऊ नको.

जुनी_एसटी:

मी एसटीत होतो. सुरुवात दापोडीच्या वर्कशॉपला, शेवटची सोळा वर्षं कराड डेपोत. कुंभार्ली चढून आलेल्या गाड्या सकाळ-संध्याकाळ माझ्यासमोरच उभ्या राहायच्या, म्हणून लिहितोय.

दुसऱ्या मेकॅनिकने सील बदललं म्हणता. थर्मोस्टॅट आत ठेवला का? सपाटीला काटा वर येत नाही आणि घाटात लालात जातो, एकाच गाडीला दोन्ही, हे वाचून मला पहिली शंका तीच आली. खरं सांगा.

वाशिष्ठीकाठचा:

काका, खरंच सांगतो. काढून टाकलाय. तो म्हणाला, "कोकणात थंडी कुठाय, थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह पाहिजे कशाला, पाणी मोकळं फिरू दे, इंजिन गारच राहील." मलाही पटलं. म्हणूनच तर कोडं पडलंय. अडसरच काढला तर तापतं कसं?

जुनी_एसटी:

कोडं वगैरे नाही. ही समजूत निम्म्या महाराष्ट्रात आहे, गॅरेजवाल्यांचीही आणि मालकांचीही.

थर्मोस्टॅट म्हणजे नुसतं झाकण नाही, तो दोन वाटांवरचा पहारेकरी आहे. इंजिन गार असताना रेडिएटरची वाट बंद असते आणि बायपासची उघडी. पाणी पंप, ब्लॉक, हेड आणि पुन्हा पंप असं आतल्या आत फिरतं, म्हणून इंजिन लवकर तापावर येतं. ६बीटीचा साधारण ८३ डिग्रीला उघडायला लागतो आणि ९५च्या आसपास पूर्ण उघडतो. आतलं मेण वितळून फुगतं आणि दांडा ढकलतं, एवढीच करामत. पण रेडिएटरची वाट उघडताना तोच बायपासचं तोंड बंद करत जातो. ही दुसरी अर्धी गोष्ट लोक विसरतात.

आता थर्मोस्टॅटच काढला तर बायपास कायम उघडा. पाणी आळशी असतं, जिथे अडथळा कमी तिथून जातं. रेडिएटरच्या बारीक नळ्यांमधून जाण्यापेक्षा बायपासने पंपाकडे परत जाणं सोपं. सपाटीला इंजिनावर भार कमी, त्यामुळे रेडिएटरकडे जाणारं थोडं पाणीही त्याला गरजेपेक्षा गार ठेवतं, म्हणून काटा खाली. घाटात दुसऱ्या गिअरवर पूर्ण भार, तेव्हा सगळंच्या सगळं पाणी रेडिएटरमधून जायला हवं, आणि नेमकं बरंचसं गरम पाणी न निवता परत इंजिनात. म्हणून लाल. थर्मोस्टॅटशिवाय इंजिन चालवू नका, हे कमिन्सच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलंय. डिझेल जास्त खाण्याचं कारणही तेच. गार इंजिनात डिझेल नीट जळत नाही, थोडं ऑइलमध्ये उतरतं, लायनर (पिस्टन ज्यात फिरतो ते नळकांडं) लवकर घासतात.

तर थर्मोस्टॅट बसवा, आणि सील नीट. आता हातचं सांगतो.

इंजिन पूर्ण गार हवं. रात्री उभी केलेली गाडी सकाळी घ्या. खालच्या कॉकमधून दोन-तीन लिटर कुलंट काढलं की एल्बोच्या खाली पातळी जाते, सगळं उपसायची गरज नाही. वरची नळी काढा. बेल्ट सैल करा, अल्टरनेटर मध्ये येत असेल तर त्याचा बोल्ट काढून तो खाली कलवा. अल्टरनेटर हलवायला नको म्हणून वाकड्या पान्याने एल्बोचे बोल्ट काढणारे मी पाहिलेत, डोकी गोल होतात आणि मग रडायची वेळ. एल्बो, बहुतेक गाड्यांत त्याच्याच बोल्टला असलेला इंजिन उचलायचा ब्रॅकेट, मग सील, अशी जी माळ निघेल ती निघेल त्याच क्रमाने फळीवर मांडा.

हेडच्या भोकात चिंधी कोंबा. मग जुनं पॅकिंग आणि पेस्ट खरवडा. छिन्नी नको, ग्राइंडर तर अजिबात नको. हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा किंवा जुनी दाढीची पात पुरते. एल्बोचा फेस, म्हणजे हेडवर टेकणारी सपाट बाजू, बघा. तुमची गळती सील बदलूनही परत आली, म्हणजे माझा पहिला संशय फेसवर आहे. साधं बोअरचं पाणी वापरलेल्या गाड्यांत तिथे खड्डे पडतात. खिडकीच्या जाड काचेवर एकशेवीस नंबरचा पॉलिश पेपर ठेवायचा, वर दोन थेंब डिझेल, आणि एल्बो आठाच्या आकड्यात फिरवायचा. पाच मिनिटांनी पुसून बघा. जिथे अजून काळं आहे तो खळगा. सगळीकडे एकसारखी चमक आली की थांबा. नखाला लागणारा खड्डा उरला तर एल्बो बदला, सील कितीही भारी आणलं तरी उपयोग नाही.

थर्मोस्टॅट बसवण्याआधी पातेल्यात पाणी तापवून तपासा. घरचं पातेलं घेऊ नका, घरातून बोलणी बसतात. दोऱ्याने मध्येच लोंबकळत ठेवा, तळाला टेकता कामा नये, शेजारी थर्मामीटर. उघडायला कधी लागतो, पूर्ण कधी उघडतो आणि गार झाल्यावर नीट मिटतो का, तिन्ही बघा. नवा आणला असला तरी बघा.

सीलला ग्रीस लावू नका, रबर फुगतं. कुलंटमध्ये बोट बुडवून ओलं करायचं आणि खाचेत बसवायचं, पीळ न पडता. सिलिकॉन पेस्ट नको. रबराचं सील दाबाखाली स्वतःच बसतं, पेस्टमुळे ते घसरतं, आणि दाबून आत निघालेली पेस्ट सुटून रेडिएटरमध्ये जाते. बोल्ट हाताने सगळे लावून घ्या, मग आळीपाळीने आवळा. टॉर्क पाना (किती जोर लागला ते दाखवणारा) असेल तर २४ न्यूटन-मीटर. नसेल तर छोटाच पाना घ्या, लांब पाइप लावून मर्दानगी दाखवायची जागा ही नव्हे.

कुलंट हळू भरा आणि इंजिनवरचा हवा काढायचा कॉक उघडा ठेवा, बुडबुडे थांबून सरळ धार येईपर्यंत. हवा अडकली तर नवा थर्मोस्टॅट पाण्याऐवजी वाफेत बसतो आणि वेळेवर उघडत नाही. मग लोक म्हणतात सील खराब निघालं.

हेड गॅस्केटचं: गार इंजिनाला कॅप काढून गाडी चालू करा. रेडिएटरमध्ये सतत बारीक बुडबुडे येत राहिले, थांबलेच नाहीत, तर शंका घ्या. नाहीतर नाही. गरम इंजिनाची कॅप कधीच उघडू नका, त्या दिवशी घाटात उघडलीत का ते विचारत नाही.

न्यूजर्सीचा_मामा:

काकांचं सगळं बरोबर. मी इथे एका शहर-बसच्या गॅरेजमध्ये पंचवीस वर्षं काढली, डेट्रॉईट कंपनीची ६व्ही९२ आणि नंतर सीरीज ५० ही इंजिनं. तिथे प्रकार वेगळा, म्हणून भर घालतो, कुणी दोन्ही गोष्टींची गल्लत करू नये.

त्या इंजिनांत थर्मोस्टॅटचं सील हाऊसिंगच्या भोकात दाबून बसवलेलं असतं, ओठाचं सील. थर्मोस्टॅटची हलणारी नळी त्या ओठावर घासत वर-खाली होते. ओठ झिजला की बाहेर एक थेंब गळत नाही, पण थर्मोस्टॅट बंद असतानाही कोमट पाणी गुपचूप रेडिएटरकडे जात राहतं. ६व्ही९२ला दोन हेड, म्हणून दोन हाऊसिंग. एकाच बाजूचं सील गेलं की शोधायला दिवस जायचा. तक्रार यायची ती जानेवारीत: ड्रायव्हर म्हणायचा हीटर चालत नाही, प्रवासी अंगावर कोट घेऊन बसलेत. इंजिनात दोष म्हणून कुणी लिहायचंच नाही. जुनं सील काढण्याआधी ओठ कोणत्या बाजूला तोंड करून आहे ते खडूने हाऊसिंगवर लिहायचं, आणि नवं सील दाबायच्या सपाट हत्याराने सरळ दाबायचं, एका बाजूने ठोकत न्यायचं नाही. थर्मोस्टॅटच्या नळीवर चर पडली असेल तर नवं सीलही महिन्यात जातं.

तुमच्या ६बीटीला ते लागू नाही. फक्त दुकानदार "डेट्रॉईट टाइप" म्हणून काही गळ्यात मारत असेल तर घेऊ नका.

डिझेल_पाना:

वाशिष्ठीकाठचा भाऊ, एक विचारू? २०२१च्या पुरात गाडी कुठे होती?

वाशिष्ठीकाठचा:

२२ जुलैला गाडी स्टँडजवळच उभी होती. पाणी स्टेअरिंगच्या वर होतं. इंजिन, अल्टरनेटर सगळं खोललं तेव्हा. रेडिएटर मात्र पाइपने धुऊन बसवला होता, बाहेर काढला नव्हता.

डिझेल_पाना:

मग तोही काढा. बाहेरून पाणी मारल्याने वरचा चिखल जातो, जाळीच्या मधल्या थरातला गाळ तिथेच वाळून विटेसारखा होतो. उजेडाकडे धरून बघा, आरपार दिसतं का.

वाशिष्ठीकाठचा:

दहा दिवसांनी लिहितोय, माफ करा. मध्ये शाळेच्या फेऱ्या होत्या.

एल्बो खोलला. आत निळ्या शेवया. पहिल्या मेकॅनिकची पेस्ट, सुटून लोंबत होती, आणि तसेच तुकडे रेडिएटरच्या वरच्या टाकीत. मूठभर निघाले. काका, तुम्ही म्हणालात तसं काचेवर घासला तर बोल्टच्या एका भोकापाशी काळा चंद्र राहिला, कितीही घासला तरी जाईना. नवा एल्बो टाकला. थर्मोस्टॅट पातेल्यात ८४ला हलायला लागला, म्हणून बसवला. पातेलं नाइलाजाने घरचंच घेतलं, बोलणी बसली.

रेडिएटर काढून उजेडाकडे धरला. खालचा एक तृतीयांश भाग पूर्ण बंद, तांबूस माती, त्यात भाताचा पेंढा. रेडिएटरवाल्याने दोन दिवस भिजवून, खोलून साफ केला. नळ्यांत फारसं काही नव्हतं. रेडिएटर धरून सगळं मिळून खर्च साडेसहा हजारांच्या आत.

बुडबुडे थांबले, म्हणजे हेड वाचलं.

परवा बेचाळीस माणसं घेऊन कराडला गेलो. सपाटीला काटा मध्याच्या जरा खाली, घाटात मध्याच्या जरा वर, हेळवाकला पोचलो तेव्हा परत खाली. कोयनानगरला चहाला थांबलो तेव्हा आधी चहा घेतला, मग बॉनेट उघडलं. एल्बो कोरडा. वरच्या नळीच्या क्लिपपाशी मात्र एक थेंब होता. परत सगळं खोलायचं का?

जुनी_एसटी:

खोलू नका. काढून परत लावलेली नळी गरम-गार झाली की बसते आणि क्लिप सैल पडते. गार असताना क्लिप अर्धा फेरा आवळा आणि गाडीच्या दोन फेऱ्या झाल्या की पुन्हा बघा. क्लिप एल्बोच्या उंचवट्याच्या आतल्या बाजूला आहे ना, तेवढं तपासा. आणि दुसऱ्या मेकॅनिककडून जुना थर्मोस्टॅट परत मागून आणा, पातेल्यात चालला तर गाडीत राखीव ठेवा.