लपवलेलं घबाड : तुमच्या गावात धाड पडली होती का?

पऱ्हाटीवाला: काल लाइन जायच्या आधी मोबाइलवर एक थ्रिलर पाहत होतो. तपास अधिकारी भिंती ठोकून काळा पैसा शोधतो, फरश्या उखडतो. आन् आमच्या गावचा सावकार आठवला. 2016, मी बारावीत. सहकार खात्याची माणसं आली, संगं पोलीस. बाबाले पंच म्हणून नेलं. सोनं निघंल म्हणून अख्खं गाव ओट्यावर. निघालं काय, तं कुटाराच्या खाली पत्र्याची पेटी. कोरे स्टॅम्प पेपर, सह्या केलेले कोरे चेक, खरेदीखतं. बाबा पंचनाम्यावर सही कराले वाकले, तं वरच्याच कागदावर काकाचा अंगठा. काकानं घरात कोणालेच सांगतलं नव्हतं. तुमचंही लिहा.

ठेचा_भाकर: पिच्चरचं नाव सांगा न भाऊ

माहेर_अकोट: आमच्याकडे ऐवज पेवात, म्हणजे धान्य साठवायच्या जमिनीतल्या खड्ड्यात ठेवायचे. वरून सारवलं की कळतच नाही. पण आजी पेव उघडल्यावर लगेच उतरू द्यायची नाही, आतल्या वाफेनं माणूस जातो. आधी कंदील सोडायचा. विझला तर थांबायचं. (कुकरची शिट्टी झाली, नंतर लिहिते)

गढीवरचा: आमच्या गावात गुप्तधनापायी चौघांनी पडकी गढी खोदली. मांत्रिक, लिंबं, सारं. सापडलं खापर! जादूटोणाविरोधी कायद्यात आत गेले ते वेगळंच.

लंगडी_बकरी: सापडलं असतं तरी कलेक्टरले कळवा लागते. 1878 चा कायदा हाय, 10 रुपयाच्या वरचं असंल तं.

ठेचा_भाकर: 10 रुपयात कट चहा येते फक्त 😂

उलटा_जन्म: मी पायाळू, जन्मताना पाय आधी आले. पायाळूले गुप्तधन दिसते म्हणतात. लहानपणी माय संध्याकाळी अंगणाबाहेर जाऊ देत नव्हती, गुप्तधनवाले उचलून नेतीन म्हणून. आता कंबर लचकली का गाव माझी लाथ खाले येते. फुकट.

माहेर_अकोट: अगं बाई, माझ्या नवऱ्याला पाठवू का? 😄

सालदार: @पऱ्हाटीवाला, 2014 च्या सावकारी कायद्यात 15 वर्षांच्या आतलं खरेदीखत असंल तं जिल्हा उपनिबंधकाकडं अर्ज करता येते. आमचे 2 एकर वापस आले. तारखा करू करू चपला झिजल्या, पण आले.

पऱ्हाटीवाला: काकाचं 1996 चं निघालं. नाही बसलं.

सालदार: अरे देवा.

गढीवरचा: वेचणीले बाया भेटून राहिल्या का कोणाले? किलोले काय देता?