मदत हवी आहे – नैरोबीत मितुंबाचा धंदा, कांडल्याचा माल

नमस्कार मंडळी, माझा मावसभाऊ नैरोबीत असतो, त्याला आता गिकोंबा मार्केटमधल्या एका ओळखीच्या बाईंबरोबर मितुंबा म्हणजे जुन्या कपड्यांचा धंदा करायचाय. तिकडे ४५ किलोची गाठ सीलबंद मिळते, पैसे मोजल्याशिवाय उघडता येत नाही, मग आत चांगल्या जीन्स निघाल्या तर ठीक नाहीतर डागाळलेले टी-शर्ट घेऊन बसा, म्हणजे सरळ सरळ जुगारच की हा! आता त्याला कोणीतरी सांगितलंय की आपल्या गुजरातेतल्या कांडला सेझमध्ये (विशेष आर्थिक क्षेत्रात) अमेरिका-युरोपचे जुने कपडे येतात, तिथे बायका ते निवडून ग्रेड म्हणजे दर्जा लावतात आणि परत गाठी बांधून तो माल आफ्रिकेला जातो, तर तिथूनच थेट मोंबासाला, म्हणजे केनियाच्या बंदरात, माल मागवावा. इथे कोणी कांडल्यात काम केलंय का किंवा केनियात हा माल घेतलाय का? ग्रेड सगळीकडे सारखेच असतात की प्रत्येक युनिटचे वेगळे? फ्युमिगेशन (कीड मारायची धुरी दिल्याचं) सर्टिफिकेट कोण देतं, आणि पूर्ण कंटेनर न घेता थोड्याच गाठी मिळतात का? लहान मुलांचे कपडे लवकर खपतात म्हणे, खरंय का? बाकी धंद्यात पडू नको हे सांगून झालंय, ऐकत नाही तो.