‘पास आउट’ : चूक आहे, पण अर्धीच

‘पास आउट म्हणजे बेशुद्ध पडणे, पदवीधर होणे हा आपला घरगुती अर्थ’ असं काही जण म्हणतात. अर्धं पटलं. पण हा अर्थ काही आपण हवेतून काढलेला नाही. ब्रिटिश इंग्रजीत लष्कराचं किंवा पोलिसांचं प्रशिक्षण पुरं करून बाहेर पडण्याला पास आउटच म्हणतात. खडकवासल्याच्या एनडीएत सत्राअखेर होते ती ‘पासिंग आउट परेड’ त्यातलीच. आपण तेच कॉलेजला लावतो, आणि नोकरीच्या जाहिरातींत तर ‘2024 पासआउट’ हे चक्क नाम झालंय.

मी मात्र यावर एकदा आपटलोय. अमेरिकेतल्या एका सहकाऱ्याला चॅटवर ‘आय पास्ड आउट इन 2006’ लिहिलं, तर पलीकडून ‘ओह नो! आर यू ओके नाऊ?’ चक्कर येऊन पडल्याचं साल सांगतोय असं वाटलं बिचाऱ्याला. तेव्हापासून मुकाट ‘आय ग्रॅज्युएटेड इन 2006’. ‘शी पास्ड आउट इन द हीट’ हे उन्हात भोवळ आली तर. आणि पुढे कर्म आलं की तिसरंच काहीतरी: ‘प्लीज पास आउट द पेपर्स’, म्हणजे पेपर वाटा. वाटणाऱ्यालाच भोवळ आली तर काय म्हणायचं, ते तुम्ही बघा.