शेजाऱ्यांनी दिलेली रानटर्की कशी शिजवावी?

बर्कशायरकर

नमस्कार मंडळी. आम्ही मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिम भागात राहतो. आमचे शेजारी परवाना काढून वसंतातील हंगामात टर्कीची शिकार करतात आणि या वर्षी त्यांनी आम्हाला एक अख्खा नर भेट दिला आहे. आतडी काढून व कातडी सोलून दिलेला हा पक्षी सध्या फ्रिजमध्ये आहे. थँक्सगिव्हिंगला दुकानातून आणलेली टर्की ओव्हनमध्ये अख्खी भाजण्याचा सराव आमच्या घरात आहे, परंतु हा पक्षी दिसायलाच निराळा आहे: छाती निमुळती, तंगड्या लांब आणि काळपट तांबड्या, आणि चरबी म्हणावी तर गळ्याखाली एकाच जागी पिवळसर थरासारखी साठलेली. नेहमीच्याच पद्धतीने भाजला तर चालेल का? चवीत नेमका काय फरक असतो, आणि आपले मसाले या मांसाला मानवतील का? दोन्ही प्रकार ज्यांनी स्वतः शिजवले आहेत, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

सातपुडा

अख्खा भाजू नका, एवढी विनंती सर्वांत आधी.

दुकानात मिळणारी टर्की बहुधा रुंद छातीच्या पांढऱ्या जातीची असते. छातीचे मांस अधिकाधिक मिळावे म्हणून या जातीची इतक्या पिढ्या निवड झाली आहे की ती उडू शकत नाही आणि तिची पैदासही कृत्रिम रेतनानेच करावी लागते. ती साधारण साडेतीन ते पाच महिन्यांची असतानाच कापली जाते, त्यामुळे तिचे मांस कोवळे आणि चरबीयुक्त असते. तुमच्याकडे आलेला नर जर पूर्ण वाढलेला असेल, तर तो निदान दोन वर्षे रानात दिवसभर चालला आहे, दर संध्याकाळी झाडावर चढून बसला आहे आणि ओकची फळे, बिया, कोवळी पाने व किडे खाऊन वाढला आहे. सतत वापरात असलेल्या स्नायूंत प्राणवायू धरून ठेवणारे लाल द्रव्य अधिक असते. तंगड्यांचा काळपट रंग त्याचाच, आणि चवीचा दाटपणाही तिथेच सापडतो. गावठी कोंबडी आणि ब्रॉयलर यांत जो फरक आपण जाणतो, तोच इथे अधिक ठळक होतो. उग्र वास मात्र नीट साफ केलेल्या पक्ष्याला येत नाही. रानातले मांस म्हणजे वासाचे, हा समज मला अन्यायकारक वाटतो.

गळ्याखालचा पिवळसर थर पूर्ण काढून टाका. विणीच्या हंगामात प्रौढ नर फार कमी खातो आणि या साठ्यावर जगतो. ती चरबी खवट लागते आणि शिजताना सगळ्या मांसाला आपली चव देते. पाय जोडलेले असतील तर मागचा काटाही पाहा: तो अर्ध्या इंचापेक्षा कमी असेल तर पक्षी वर्षभराचा, आणि इंचाहून लांब असेल तर बहुधा तीन वर्षांचा किंवा त्याहून मोठा. तंगड्या किती वेळ शिजवायच्या, हे त्यावरून ठरवता येते.

रेणुका_ओहायो

सातपुडा यांच्याशी मी सहमत आहे. छाती आणि तंगड्या यांना लागणारा वेळ इतका वेगळा आहे की अख्खा पक्षी भाजल्यास तंगड्या मऊ होईपर्यंत छाती भुशासारखी कोरडी पडते. दुकानातल्या टर्कीत हीच अडचण चरबीमुळे आणि आत भरलेल्या मीठपाण्यामुळे काहीशी झाकली जाते. बहुतेक गोठवलेल्या टर्कींमध्ये असे पाणी आधीच टोचलेले असते आणि वेष्टनावर बारीक अक्षरांत त्याचे प्रमाण छापलेले असते, म्हणून तिला पुन्हा मिठाच्या पाण्यात ठेवल्यास ती खारट होते. रानटर्कीला मात्र हे पाणी हवेच. एक लिटर पाण्याला ५० ते ६० ग्रॅम मीठ आणि थोडी साखर विरघळवून, हाडापासून सोडवलेली छाती रात्रभर फ्रिजमध्ये त्यात बुडवून ठेवा. नंतर पुसून कोरडी करा, लोणी लावा आणि मंद ओव्हनमध्ये झाकून भाजा. थर्मामीटर सर्वांत जाड भागात खुपसून पाहावा. अमेरिकी कृषी खात्याने सांगितलेले १६५ अंश फॅरेनहाइट, म्हणजे सुमारे ७४ सेल्सिअस, गाठले की लगेच बाहेर काढावी. त्यापुढची पाच मिनिटेही या मांसाला सोसत नाहीत. कापताना सुरी धाग्यांना आडवी चालवा.

छातीला मसाला लावू नये, असे माझे मत आहे. मीठ, मिरे, लोणी एवढे पुरे, नाहीतर रानातल्या पक्ष्याची चव कळणार कशी?

खडे_मसाले

छातीबद्दल मी आग्रह धरणार नाही, पण तंगड्यांना रस्साच न्याय देतो. त्यांतील चिवट ऊती विरघळायला ओलसर उष्णता आणि वेळ लागतो: जाड बुडाच्या भांड्यात झाकण ठेवून मंद आचेवर तीन तास किंवा अधिक, अथवा कुकरमध्ये पाऊण ते एक तास. आधी हळद, मीठ, आले-लसूण लावून शिजवावे, मांस हाडावरून सुटू लागले की बाहेर काढून खालच्या तंगडीतील हाडासारख्या टणक शिरा एकेक करून ओढून टाकाव्यात. त्यांचे तुकडे घशात अडकू शकतात, म्हणून मुलांना वाढण्यापूर्वी हे काम नक्की करावे. मग भाजलेला कांदा, सुके खोबरे, धने, मिरे आणि दगडफूल यांचे वाटण परतून त्यात मांस व त्याचेच पाणी घालावे. कच्च्या पपईचा मोह टाळा. ती वरचा थर लगदा करते आणि आत काहीच बदलत नाही.

बर्कशायरकर

सर्वांचे मनापासून आभार. काटा सव्वा इंच आहे, म्हणजे पक्षी वयस्क आहे. मानेजवळ काळपट रक्त साकळलेले दिसते आहे. ते धुऊन वापरावे का?

सातपुडा

नाही, तो भाग कापून टाका. छर्रे तिथेच लागलेले असतात आणि ते पिसांचे तुकडे मांसात ओढून नेतात. बोटांनी चाचपून प्रत्येक छर्रा काढा आणि ते शिशाचे होते की टंगस्टनचे, हे शेजाऱ्यांना जरूर विचारा. शिशाचे असतील तर जखमेभोवतीचे मांस सढळपणे वगळा. घरात लहान मुले किंवा गरोदर स्त्री असेल तर हे विशेष पाळा.

तुमच्या भागाविषयी आणखी एक सांगावेसे वाटते. जंगलतोड आणि बेसुमार शिकारीमुळे मॅसॅच्युसेट्समधील शेवटची रानटर्की १८५१ च्या सुमारास संपली होती. १९७२-७३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातून पकडून आणलेले ३७ पक्षी बर्कशायरच्या जंगलात सोडण्यात आले आणि आजची संख्या त्यांच्यापासून वाढली. असे मांस विकणे कायद्याने बंद असल्यामुळे ते शिकारी किंवा त्याचा शेजारी होऊनच मिळते. म्हणून हाडेही टाकू नका; छातीचा पिंजरा, मान आणि पंख दोन-तीन तास उकळून निघालेले पाणी गाळून गोठवा. खडे_मसाले यांच्या रश्शाला साध्या पाण्याऐवजी तेच वापरा.