मदत हवी आहे: रात्रीच्या दशावतारासाठी पहिला कॅमेरा, पैसे बॉडीवर घालू की लेन्सवर?

नमस्कार मंडळी, मी कुडाळजवळची. आजवर सगळे फोटो मोबाईलवरच काढले, आता पहिला खरा कॅमेरा घ्यायचाय. बजेट लेन्ससकट ८० हजार, त्यावर एक रुपया नाही.

लग्नं, पक्षी, रील्स यातलं काही करायचं नाहीये, मला फक्त दशावतार, म्हणजे आमच्या कोकणातलं जत्रेतलं लोकनाट्य, टिपायचाय. मामेभाऊ एका नाटक कंपनीत स्त्रीपार्टी आहे, म्हणजे बाईची भूमिका करतो, स्वतःचं तोंड स्वतःच रंगवतो, एका हातात आरसा धरून, बाजूला पेटारा उघडा आणि वर एकच पिवळा बल्ब, ते बघत मी लहानाची मोठी झाले आणि त्याचा एकही धड फोटो माझ्याकडे नाही, याचं फार वाईट वाटतं.

अडचण उजेडाची आहे. जत्रेत नाटक उभं राहायलाच मध्यरात्र होते, लाईट म्हणजे दोन-चार एलईडी. मोबाईलचा नाईट मोड अनेक फ्रेम जोडून फोटो बनवतो, त्यामुळे युद्धाचा प्रसंग आला की तलवारीचा हात धुरासारखा पसरतो, आणि काळ्या कपड्यातला संकासुर तर मागच्या अंधारातच मिसळून जातो.

एका दुकानात गेले तर ते डबल झूम किट (कॅमेरा आणि दोन झूम लेन्स एकत्र) घ्या म्हणून मागेच लागले. मी घरी येऊन आकडे बघितले. कॅनन आर५० सोबतची १८-४५ लेन्स ४५ एमएमला एफ ६.३ वर जाते (एफचा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त), साधी ५० एमएम एफ १.८ त्याच्या जवळपास बारा पट उजेड आत घेते! म्हणजे किटवर १/२० सेकंद शटरला जो फोटो येईल तोच इथे १/२५० ला, बरोबर ना? स्टॅबिलायझेशनचं पण सगळे सांगतात, पण ते आपला हात हलला तर सांभाळतं, नट हलला तर काय उपयोग.

तर दोन पर्याय डोक्यात आहेत. एक, नवीन आर५० आणि ५० एमएम, क्रॉपमुळे (सेन्सर लहान असल्याने) ती ८० सारखी वागेल, म्हणजे पुढच्या रांगेतून चेहरा छान भरेल पण अख्खा रंगमंच मावणार नाही. दुसरा, सेकंडहँड कॅनन ६डी. फुल फ्रेम (मोठा सेन्सर) आहे, आयएसओ ६४०० ला, म्हणजे अंधारासाठी संवेदनशीलता बरीच वाढवली तरी, बरा म्हणतात आणि उरलेल्या पैशात ८५ एफ १.८ पण बसेल, पण मॉडेल २०१२ चं, फोकस पॉइंट फक्त ११ आणि भरवशाचा मधलाच. गिरकी घेणाऱ्या नटाच्या डोळ्यावर तो टिकतो का हे वापरलेल्यांनीच सांगा. एलईडीच्या फ्लिकरमुळे (डोळ्याला न जाणवणारी लुकलुक) वेगवान शटरला काही फ्रेम काळपट येतात असंही वाचलंय, ६डी मध्ये अँटी-फ्लिकर नाही, मग १/१०० वरच राहायचं का?

अजून एक, आमच्याकडे पावसाळ्यात चपलांना पण बुरशी येते. जुनी लेन्स घेताना आतली फंगस टॉर्च मारून दिसते का, आणि ड्राय बॉक्स (कॅमेऱ्यासाठीची, ओलावा आटोक्यात ठेवणारी पेटी) लागेलच की हवाबंद डबा आणि सिलिका जेलवर भागेल?

संपादन: दोघांनी फ्लॅश सुचवलाय. नको. समोर माणूस अभिनय करतोय, त्याच्या डोळ्यावर झगझगाट मारायचा नाही, आणि रंगवलेला चेहरा त्यात सपाट पांढरा दिसतो.

त्रिपुरी पौर्णिमेनंतर जत्रा सुरू होतील, त्याआधी महिनाभर तरी हात बसायला हवा, म्हणून जरा लवकर सांगा. कुडाळ-सावंतवाडी भागात कोणाकडे ६डी असेल तर एक रात्र सोबत नाटकाला येता का? चहा-भजी माझ्याकडून.