गार्डच्या आधी ट्यूबचं बघा

हीरोच्या एक्सपल्स बाइकला क्रॅश गार्ड आधी की सॅडल स्टे (मागे बॅगा टांगायचा सांगाडा) आधी असं विचारलंयस, मी म्हणेन दोन्ही राहू दे आणि पहिले चाकं बघ. एक्सपल्सला पुढे २१ इंची, मागे १८ इंची स्पोकवालं चाक, म्हणजे ट्यूबचा टायर, पंक्चर झालं की आपणच टायर उतरवायचा. गेल्या पावसाळ्यात माळशेजच्या अलीकडे वैशाखरेपाशी माझं मागचं चाक बसलं आणि बॅगेत फक्त पुढची २१ची ट्यूब होती. थोडी चुरगळून तीच मागे कोंबली आणि हळूहळू मुरबाडपर्यंत आलो, अडीनडीला चालतं. तेव्हापासून स्पेअर २१चीच ठेवतो, सोबत दोन टायर लिव्हर (टायर रिममधून उचकटायच्या पट्ट्या) आणि हातपंप. लिव्हर कुर्ल्याला सीएसटी रोडवर मिळतील, पण एकदा बिल्डिंगखाली टायर उतरवून बघच, वॉचमन हसला तरी चालेल.

स्पोक महिन्यातून एकदा पान्याने वाजवून बघायचे. घट्ट असेल तो टण्ण करतो, ढिला असेल तो बद्द. माझ्या नेहमीच्या मेकॅनिकने एकदा सर्व्हिसमध्ये स्पोकना हात पण लावला नव्हता, घरी मोजले तर चार ढिले निघाले!

चेनला ल्यूब (वंगण) मारायला मुंबईच्या पावसात ५०० किमीची वाट बघू नकोस, भिजून आलास की पुसून मार. एअर फिल्टरही उघडून बघ, चिखलाने जाम असतो. आणि प्रेशर वॉशर बेअरिंगवर अजिबात नको, आतलं ग्रीस जातं रे.