17 सप्टेंबर आणि वर्गातली निवडणूक एकत्र शिकवता येईल का?

प्रश्न : शिक्षिका, परभणी जिल्हा

नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत तिसरी-चौथीचे वर्ग एकत्र शिकवते. गेल्या वर्षी शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक हात वर करून घेतली. एका मुलीने आधी मागे वळून चुलतभावाकडे पाहिले आणि त्याचा हात वर गेल्यावरच आपला हात उचलला. तेव्हापासून वाटते की आम्ही निवडणूक शिकवली नाही, नुसती उरकली. दुसरी अडचण 17 सप्टेंबरच्या मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाची. "15 ऑगस्टला झेंडावंदन झाले होते, मग महिन्याभरात पुन्हा का?" या मुलांच्या प्रश्नाला त्यांना पटेल असे उत्तर मला देता येत नाही.

उत्तर 1 : सेवानिवृत्त केंद्रप्रमुख, नांदेड

बाई, मुलांना आधी एवढेच सांगा की 15 ऑगस्ट 1947 रोजी देश स्वतंत्र झाला, पण आपला मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि येथे तिरंगा फडकवायला बंदी होती. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली लोक लढले, 13 सप्टेंबर 1948 रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले आणि 17 तारखेला निजामाने शरणागती पत्करली. म्हणजे आपल्याला 13 महिने 2 दिवस अधिक वाट पाहावी लागली. मुलांना दिनदर्शिकेची पाने उलटून ते महिने मोजू द्या. सांगण्यापेक्षा मोजण्याने ते अधिक कळते.

पुढचा धागा निवडणुकीचाच आहे. देशाच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत, 1952 साली, मराठवाड्यातील 21 वर्षांवरील स्त्री-पुरुषांना मताचा समान हक्क मिळाला. बहुतेकांना वाचता येत नसल्यामुळे प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी ठेवून तिच्यावर त्याचे चिन्ह लावलेले असे.

उत्तर 2 : शिक्षक, लातूर जिल्हा

याच पद्धतीने आम्ही पहिलीपासूनच्या सर्व मुलांचे मतदान घेतो, कारण पहिलीच्या मुलालाही छत्री आणि पतंग ओळखता येतात. वर्गाच्या कोपऱ्यात जुने लुगडे आडवे बांधतो, त्यामागे चिन्हे चिकटवलेले डबे ठेवतो आणि प्रत्येकाला एक चिंचोका देतो. पहिल्या वर्षी चिंचोका डब्यात पडल्याचा आवाज कोणत्या बाजूने आला, यावरून बाहेरची मुले मत ओळखू लागली, म्हणून आता डब्यांच्या तळाशी फडके अंथरतो. डाव्या तर्जनीला शाई लावतो. मोजणी सर्वांसमोर फरशीवर दहा-दहाचे ढीग करून होते, आणि प्रत्येक उमेदवाराचा एक मित्र जवळ बसून लक्ष ठेवतो. तुमच्या त्या विद्यार्थिनीला लुगड्याच्या आड मागे वळून पाहायला कोणी नसेल.

उत्तर 3 : पालक, हिंगोली

एक विनंती आहे. रझाकारांचे, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र स्वयंसेवकांचे, अत्याचार सांगताना आठ-नऊ वर्षांच्या मुलांच्या मनात शेजाऱ्यांविषयी अढी बसणार नाही, याची काळजी घ्यावी. संस्थान भारतात विलीन व्हावे असे लिहिणारे हैदराबादचे पत्रकार शोएबुल्ला खान यांची ऑगस्ट 1948 मध्ये हत्या झाली, हे नाव मुलांना अवश्य सांगावे. आमच्या घरात हा दिवस वडिलांच्या आठवणींमुळे साजरा होतो, म्हणून हे मनापासून लिहिले.

प्रश्नकर्त्या शिक्षिका

सर्वांचे आभार. यंदा 16 सप्टेंबरला चिंचोक्यांनी मतदान घेईन आणि निवडून आलेले मूल दुसऱ्या दिवशी झेंडावंदनाच्या वेळी 13 महिन्यांची हकीगत स्वतःच्या शब्दांत सांगेल. लुगडे माझ्या आईचे आणते.